बहुसांस्कृतिकतेची तुलना आणि जनगणनेचा प्रश्न : कॅनडा, फ्रान्स व मॉरिशस

प्रस्तावना

कोणते राष्ट्र अधिक बहुसांस्कृतिक, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. १९६४ मध्ये सोव्हिएत संघात ‘अत्लास नारोदोव मीरा’ हा जगातील लोकसमूहांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील माहितीच्या आधारे पाश्चात्त्य अभ्यासकांनी एक निर्देशांक तयार केला. एखाद्या देशातील कोणत्याही दोन व्यक्ती निवडल्यास त्या भिन्न समूहांतील असण्याची शक्यता किती, हे त्यावरून कळते. या मापनात आफ्रिकेतील अनेक देश अग्रक्रमाने येतात. पुढे कीथ बँटिंग व विल किमलिका या कॅनडातील अभ्यासकांनी शासकीय धोरणांना गुण देणारा वेगळा निर्देशांक मांडला. त्यात कॅनडा व ऑस्ट्रेलिया वरच्या स्थानी आहेत. पहिला निर्देशांक समाजातील वैविध्य मोजतो, तर दुसरा त्या वैविध्याला राज्यसंस्थेने दिलेली मान्यता. या दोन गोष्टींची गल्लत वर्गातील चर्चेतही वारंवार होते.

परंतु अडचण याहून खोल आहे. वैविध्याचे आकडे बहुतांशी जनगणनेतून येतात आणि जनगणनेतील प्रश्न राज्यसंस्था ठरविते. तो प्रश्न का विचारला गेला वा का गाळला गेला, याचा इतिहास न पाहता केलेली तुलना फसवी ठरते, हे पुढील तीन देशांच्या उदाहरणांवरून दिसते.

कॅनडा : प्रश्नाबरोबर बदलणारे उत्तर

१९६३ मध्ये कॅनडात द्विभाषिकता व द्विसांस्कृतिकता यांविषयी शाही आयोग नेमण्यात आला. इंग्रज व फ्रेंच हे दोन ‘संस्थापक’ समाज, हे त्यामागील गृहीतक होते. पश्चिमेकडील प्रांतांत स्थिरावलेल्या युक्रेनियन व इतर समाजांनी त्याला हरकत घेतली. परिणामी ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी द्विभाषिक चौकटीतील बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर केले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. क्वेबेकमधील अनेक विचारवंतांना मात्र यात आपल्या समाजाचे स्थान ‘दोहोंपैकी एक’ यावरून ‘अनेकांपैकी एक’ असे घसरलेले दिसले.

२०२१ च्या जनगणनेत कॅनडात ४५० हून अधिक वांशिक वा सांस्कृतिक मूळे नोंदविली गेली. हा आकडा नेहमी उद्धृत होतो. त्याहून बोलका आकडा दुसराच आहे. २०१६ मध्ये आपले मूळ ‘कॅनेडियन’ सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते; २०२१ मध्ये ते सुमारे १६ टक्क्यांवर आले. पाच वर्षांत निम्म्या लोकांचे पूर्वज बदलले नव्हते. पूर्वी प्रश्नाखाली नमुन्यादाखल छापलेल्या उत्तरांत ‘कॅनेडियन’ हे उत्तर होते. २०२१ मध्ये ही यादी प्रपत्रातून वगळण्यात आली.

फ्रान्स : न विचारलेला प्रश्न

फ्रान्सच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न शेवटचा विचारला गेला तो १८७२ मध्ये. १९७८ च्या कायद्याने वांशिक मूळ व धर्म यांविषयीच्या वैयक्तिक माहितीच्या संकलनावर कडक निर्बंध घातले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये घटना परिषदेने वांशिक मूळ हा आकडेवारीचा आधार होऊ शकत नाही असा निर्णय दिला. यामागे नागरिकांत भेद न मानणारी प्रजासत्ताकाची परंपरा आहेच. पण ऑक्टोबर १९४० ची स्मृतीही आहे. त्या महिन्यात जर्मन अंमलाखालील पॅरिसमध्ये ज्यूंची नोंदणी करून पोलिसांनी सूची तयार केली आणि जुलै १९४२ च्या धरपकडीत तीच वापरली. म्हणून फ्रान्सच्या अबोल आकड्यांना केवळ एकसाचीपणाचा हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. अर्थात नोकरीत वा घर भाड्याने घेताना होणारा भेदभाव या मौनामुळे सिद्ध करणे कठीण जाते, हा आक्षेपही तितकाच खरा.

मॉरिशस : गोठलेली गणना

मराठी वाचकाला या संदर्भात मॉरिशसचे उदाहरण अधिक जवळचे वाटावे. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर गेले. कलकत्ता व मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत आणि त्यांतून कोकणातील मराठी कुटुंबे त्या बेटावर पोहोचली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. त्याच्या संविधानाने हिंदू, मुसलमान व चिनी-मॉरिशियन असे तीन समुदाय मानले. जीवनपद्धतीवरून या तिन्हींत न बसणारे सर्व ‘सामान्य लोकसंख्या’ या चौथ्या गटात गेले. परिणामी मळेवाल्या फ्रेंचांचे वंशज आणि त्यांनी गुलाम म्हणून राबविलेल्या आफ्रिकनांचे वंशज एकाच रकान्यात आले, तर मराठी, तमिळ, तेलुगू व भोजपुरी हे भिन्न समाज ‘हिंदू’ या एकाच नावाखाली.

या वर्गीकरणाला राजकीय मोल होते. संसदेतील ६२ निर्वाचित सदस्यांखेरीज कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समुदायांतील पराभूत उमेदवारांना कमाल ८ जागा देण्याची तरतूद होती. त्यासाठी समुदायनिहाय लोकसंख्या हवी. परंतु अशी गणना शेवटची झाली ती १९७२ मध्ये. १९८२ मध्ये समुदायाचा प्रश्न काढून टाकण्यात आला. जागावाटपाची पद्धत मात्र राहिली आणि ती १९७२ च्याच आकड्यांवर चालत राहिली. त्यानंतर जन्मलेल्या मतदारांचेही प्रतिनिधित्व अशा गणनेवरून ठरू लागले, जिच्यात ते स्वतः नव्हते.

दुसरीकडे, नंतरच्या जनगणनांत धर्म व पूर्वजांची भाषा हे प्रश्न विचारले गेले. घरात क्रिओल बोलणारी कुटुंबे तेथे पूर्वजांची भाषा म्हणून ‘मराठी’ नोंदवू शकली. संविधानाच्या रकान्यात न दिसणारा समाज भाषेच्या रकान्यात असा प्रकट झाला. गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आणि शाळांतील मराठीचे अध्यापन यांमागे हीच वेगळी ओळख आहे. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने, १९७२ च्या आकड्यांवर विसंबून उमेदवाराला समुदाय जाहीर करण्याची सक्ती करणे नागरी हक्कांशी विसंगत ठरविले. त्यावर २०१४ च्या निवडणुकीपुरती या सक्तीतून सूट देण्यात आली. १९७२ चे आकडे मात्र कायम राहिले.