‘ला’ आणि तुर्की मजूर

आमच्या हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. जुन्या तुर्कीत छावणीला ‘ओर्दू’ म्हणत. ‘उर्दू’ हे नाव त्यातलेच, आणि निजामाच्या कचेऱ्या १९४८ पर्यंत त्याच भाषेत चालल्या. खजानची, मशालची यांतला ‘ची’ही तुर्कीच. तिकडे ‘इश’ म्हणजे काम, ‘इशची’ म्हणजे कामगार! क्रियापद मराठीसारखे शेवटी; त्याला ‘दी’ लागला की भूतकाळ, पुढे ‘म’ आला की कर्ता मी. ‘इशची चिकार्दी’ म्हणजे कामगार काढले. कोणते, ते मोघम. ‘इशचियी चिकार्दी’ म्हणजे त्या अमक्या कामगाराला काढले. आपला ‘ला’ माणसांपुरते हेच काम करतो. कपातीच्या नोटिशीत आम्ही आधी ‘ला’ शोधतो. नसला तर नावांची यादी मागतो.