ग्रीक गॅरेजांतील दुरुस्ती-माहितीची जुनी सॉफ्टवेअर

ग्रीसमध्ये धावणाऱ्या बहुतेक मोटारी परदेशी बनावटीच्या. त्यांची दुरुस्तीपुस्तके परकीय भाषांत असत आणि प्रामुख्याने अधिकृत सर्व्हिस सेंटरांपर्यंतच पोहोचत. कार्ब्युरेटरच्या काळात छोट्या गॅरेजमधल्या मेकॅनिकचे काम अनुभवावर भागत असे.

१९९०च्या दशकात ही स्थिती पालटली. अथेन्सवर साचणारे प्रदूषण घटवण्यासाठी सरकारने १९९१ ते १९९३ या काळात जुनी गाडी मोडीत काढून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेली नवी घेणाऱ्यांना करसवलत दिली. या गाड्यांबरोबर फ्युएल इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि इंजिनाचे नियंत्रण करणारे ईसीयू आले. २००१पासून युरोपीय संघात नव्या पेट्रोल गाड्यांना ईओबीडी ही दोषनिदान यंत्रणा सक्तीची झाली. फॉल्ट कोडचा अर्थ, वायरिंग डायग्राम, टायमिंग बेल्ट बदलण्याची मुदत, बोल्टचा टॉर्क हे अंदाजाने ठरवणे अशक्य झाले.

ब्रिटनच्या ऑटोडेटा आणि नेदरलँड्सच्या व्हिविड यांसारख्या संस्थांनी अनेक कंपन्यांच्या गाड्यांची ही माहिती सीडीवर एकत्र आणली. युरोपातील ज्या भाषांत ती मिळू लागली, त्यांत ग्रीकही होती. २००२च्या १४०० क्रमांकाच्या युरोपीय नियमाने स्वतंत्र गॅरेजांना कंपन्यांची तांत्रिक माहिती मिळण्याचा मार्ग मोकळा केला.

संगणकावर ग्रीक लिपी दाखवणे मात्र सोपे नव्हते. डॉसमध्ये अक्षरांना क्रमांक देणारे कोड पेज ७३७, तर विंडोजमध्ये १२५३ वापरात होते. आयएसओ ८८५९-७ हे प्रमाण १२५३शी बरेच जुळते, तरी आघातचिन्हासह येणारे मोठे ‘अल्फा’ अक्षर दोन्हींत वेगळ्या जागी आहे. युनिकोड न वापरणारे सॉफ्टवेअर पश्चिम युरोपीय मांडणीच्या विंडोजवर चालवले, की ग्रीक अक्षरांऐवजी चिन्हे डोक्यावर असलेली लॅटिन अक्षरे दिसत. विंडोजची सिस्टिम भाषा ग्रीक केल्यावर मजकूर सहसा वाचता येई.

पुढची अडचण विंडोज बदलल्याने आली. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत, आणि विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४मध्ये संपला. जुन्या सीडीवरच्या सॉफ्टवेअरसाठी जुना संगणक जपून ठेवणे किंवा नव्या संगणकात एक्सपीचे व्हर्च्युअल मशीन बसवणे हे मुख्य उपाय उरले.

जुन्या माहितीची गरज मात्र संपली नाही. आर्थिक संकटामुळे नव्या गाड्यांची वार्षिक विक्री २००८मधील अडीच लाखांहून अधिकवरून २०१२मध्ये साठ हजारांच्या खाली आली. लोकांनी जुन्या गाड्याच चालवत ठेवल्या. ग्रीसमधील मोटारींचे सरासरी वय आज सुमारे सतरा वर्षे, म्हणजे युरोपीय संघातील सर्वाधिक वयांपैकी एक आहे.

नव्वदच्या दशकातल्या गाडीसाठी त्या काळची ग्रीक सीडी आजही उपयोगी पडते. पण टायमिंग बेल्टच्या मुदतीसारखे आकडे कंपन्या नंतर सुधारतात, आणि बेल्ट वेळेवर न बदलल्याने तुटला, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. म्हणून सीडीवरचा आकडा सुधारित माहितीशी पडताळल्याशिवाय वापरू नये.