फ्रेंच राजगृहांतील मेजें : शिक्का, अंक व दप्तर

(१)

जुनी पोथी हातीं आली म्हणजे आपण आधीं तिची पुष्पिका पाहतों. आणि लेखक, शक, स्थळ हीं तेथें मिळालीं तरी तीं मूळचीं कीं मागाहून कोणीं घातलेलीं, ही शंका मनांत ठेवूनच पुढें वाचतों. लांकडी सामानाच्या परीक्षेसही हाच नियम लागू पडतो, हें फ्रान्सच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. अठराव्या शतकांत पॅरिसच्या कारागिरांनीं राजगृहासाठीं केलेलीं मेजें व कपाटें आज देशोदेशींच्या संग्रहांत विखुरलीं आहेत. त्यांपैकीं खरोखर राजगृहींचें कोणतें, हें ठरविण्याचीं साधनें तीन : कारागिराचा शिक्का, वस्तूवरील अंक आणि सरकारी दप्तर. त्यांचें बलाबल पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम शिक्का. पॅरिसच्या सुतारश्रेणीच्या १७४३ च्या नियमान्वयें प्रत्येक उस्तादानें आपल्या कामावर स्वतःच्या नांवाचा शिक्का उठवावा असें ठरलें. राजाश्रयाच्या जागेंत काम करणारांस मात्र ही सक्ति नव्हती. म्हणून शिक्का नाहीं एवढ्यावरून वस्तु हलकी ठरत नाहीं. उलट शिक्का असूनही भ्रम होतो. ज्याँ-फ्रान्स्वा ओबेन १७६३ सालीं वारला. त्याच्या विधवेनें कारखाना पुढें चालविला व काम ज्याँ-आंरी रीझनेर पाहूं लागला. १७६७ सालीं त्यानें तिच्याशीं विवाह केला. श्रेणींत उस्ताद म्हणून त्याचा प्रवेश १७६८ सालीं झाला. तोंपर्यंत कारखान्यांतून ओबेनच्याच शिक्क्याचें सामान बाहेर पडत होतें. सबब, ओबेनचा शिक्का म्हणजे ओबेनचा हात असें समीकरण मांडतां येत नाहीं.

याच कारखान्याचें सर्वश्रेष्ठ काम म्हणजे पंधराव्या लुईचें गुंडाळत्या झांकणाचें लेखनमेज. १७६० त ओबेननें तें आरंभिलें व १७६९ त रीझनेरनें पुरें केलें. एकच किल्ली फिरविली असतां झांकण व सर्व खण एकदम बंद होत. दौतींत शाई भरण्यासाठीं बाजूस निराळी सोय होती, म्हणजे राजाचीं कागदपत्रें सेवकांच्या दृष्टीस पडत नसत. वर ल्येपीनचें दोन्ही बाजूंनीं दिसणारें घड्याळ आहे. रीझनेरनें आपलें नांव, साल व स्थळ लांकडाच्या जडावकामांतच लिहिलें. ही त्याची पुष्पिकाच होय. परंतु आरंभ करणाऱ्या ओबेनचें नांव तींत नाहीं!

(३)

आतां अंक व दप्तर. राजाच्या सामानाचें खातें, ज्यास आपण फरासखाना म्हणूं, कोल्बेरच्या कारकीर्दींत १६६३ सालीं नीट बांधलें गेलें. दाखल होणाऱ्या वस्तूचा क्रमांक, वर्णन, मोजमाप व ती कोणत्या दालनांत गेली हें रोजनाम्यांत लिहीत आणि तोच अंक वस्तूवर घालीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत तांबड्या रोगणाचें एक मेज आहे. त्यावर २१३१ हा अंक आहे. आणि जिल झूबेरनें केलेलें याच अंकाचें मेज २९ डिसेंबर १७५९ रोजीं व्हर्साय येथें राजाच्या खासगी दालनासाठीं दाखल झालें, अशी नोंद दप्तरांत आहे. वस्तु व कागद एकमेकांची साक्ष देतात, तेव्हां शंकेस जागा उरत नाहीं.

राज्यक्रान्तींत हा संबंध तुटला. २५ ऑगस्ट १७९३ पासून ११ ऑगस्ट १७९४ पर्यंत व्हर्सायचें सामान लिलावांत निघालें. विक्रीचे १७,१८२ गट झाले. वस्तु गेल्या, दप्तर मात्र राहिलें. वर सांगितलेलें लेखनमेज लिलावांतून वांचलें, तरी त्यावरील राजचिन्हें काढून त्या जागीं सेव्हरच्या चिनीमातीचे फलक बसविण्यांत आले. पुढें लूव्हरमध्यें राहून तें १९५७ सालीं व्हर्सायला परतलें. विसाव्या शतकांत प्येर व्हेर्ले यांनीं दप्तर व वस्तु समोरासमोर ठेवून अनेक विसरलेल्या वस्तूंची ओळख पटविली. त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९४५ त निघाला.

(४)

परंतु दप्तर ज्ञात झालें म्हणजे लबाडासही तें वाटाड्याचें काम करतें. २००८ ते २०१२ च्या दरम्यान खुद्द व्हर्सायनें राजगृहींच्या म्हणून घेतलेल्या कांहीं खुर्च्या बनावट असल्याचें २०१६ सालीं उघडकीस आलें. त्या करणारांपैकीं एक जण याच विषयाचा नामांकित तज्ज्ञ, दुसरा कुशल काष्ठकार! २०२५ सालीं दोघेही न्यायालयांत दोषी ठरले. नोंदींत असलेली पण हरवलेली वस्तु कोणती, हें जाणणारालाच तिची रिकामी जागा भरतां येते.

तात्पर्य, शिक्का हा एकेरी पुरावा. अंक व नोंद जुळणें हा दुहेरी. पण वस्तु त्या नोंदीपासून आपल्या हातापर्यंत कोणकोणत्या घरांतून आली, ही परंपरा लागल्याविना दुहेरी पुरावाही पुरा म्हणतां येत नाहीं. पोथ्यांचा संग्रह करणारांनीं पोथी कोठून, कोणाकडून व केव्हां मिळाली हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. आज क्षुल्लक वाटणारें हें टिपणच उद्यां तिची खरी साक्ष होईल.