तळटीप : मॉर्टिफाइड

मूळ इंग्रजीत येथे ‘मॉर्टिफाइड’ आहे. लॅटिनमधील ‘मॉर्स’, म्हणजे मृत्यू, हे त्याचे मूळ. आधी ठार मारणे, मग ख्रिस्ती साधकांनी उपासतापासाने देहवासना मारणे, आणि 17व्या शतकाच्या अखेरीपर्यंत मानभंगाची वेदना, असा त्याचा प्रवास झाला. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (1813) हा शब्द आणि त्याची रूपे वारंवार भेटतात. मेरिटनच्या नृत्यसमारंभात डार्सी एलिझाबेथच्या रूपाला नावे ठेवतो आणि ते तिच्या कानी पडते. पाचव्या प्रकरणात ती याच शब्दाने तो सल बोलून दाखवते. तेथे राग आणि दुखावलेला अभिमान दोन्ही आहेत, म्हणून आम्ही ‘मान दुखावला’ असे केले. पुढे डार्सीचे पत्र वाचताना मात्र घरच्यांवरचे बोल तिला झोंबतात ते खरे असल्यामुळे. तेथे ‘खाली मान घालायला लावणारे’ हेच योग्य वाटले. ‘अपमानित’ दोन्हीकडे चालले असते, पण त्यात केवळ घडलेली गोष्ट येते, आतली जळजळ येत नाही. आजच्या बोलण्यात हा शब्द बराच सौम्य झाला असून साध्या फजितीलाही वापरतात. ऑस्टिन वाचताना तो हलका अर्थ घेऊ नये.