मुंडण : श्रामणेराचे, विधवेचे आणि दहाव्याचे

गलाईच्या धंद्यामुळे विटा आणि खानापूर तालुक्यातली माणसे देशभर पांगली आहेत. वडील वारल्याचा फोन आला की मुलगा मिळेल त्या गाडीने गाव गाठतो आणि दारातच भावकीतले कुणीतरी विचारते, "केस कधी काढणार?" घर बौद्ध असते, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब असतात, जलदान विधीला भन्तेही बोलावलेले असतात. तरी हा प्रश्न येतोच. म्हणून मुंडणाबद्दल आम्ही नीट लिहायचे ठरवले.

धम्मात मुंडण आहे, पण ते प्रव्रज्येचे. श्रामणेर होणारा केस-दाढी उतरवतो, चीवर घेतो, त्रिशरण आणि दशशील ग्रहण करतो. त्या वेळी त्याला केस, रोम, नखे, दात आणि त्वचा या पाच गोष्टींचे ध्यान दिले जाते. ज्या देहाला आपण सजवतो तो कशाचा बनला आहे, हे पाहायचे. भिक्खूने केस दोन महिन्यांपेक्षा किंवा दोन बोटांपेक्षा जास्त वाढू देऊ नयेत, असा विनयाचा नियम आहे. केसांत पाप साठते असे इथे कुणी मानत नाही. उलट, नुसते डोके भादरून कुणी श्रमण होत नाही, असे धम्मपद बजावते.

उपालीची गोष्ट आपल्या पोरांनी मुद्दाम वाचावी. तो शाक्यांचा न्हावी. अनुरुद्ध, आनंद वगैरे शाक्य कुमार प्रव्रज्येला निघाले, तेव्हा आपला जातीचा ताठा मोडावा म्हणून त्यांनी उपालीला आधी दीक्षा द्यायला लावली. म्हणजे पुढे त्यालाच वंदन करावे लागणार! राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगितला तो याच उपालीने.

महाप्रजापती गौतमीने स्वतःहून केस कापले आणि शाक्य स्त्रियांसह पायी वैशाली गाठली. आपल्याकडे ब्राह्मण विधवांचे केशवपन व्हायचे, त्यात त्या बाईची इच्छा कुणी विचारली? त्याविरुद्ध सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांवर वस्तरा न चालवण्याचे ठरवले. वस्तरा तोच, पण तो कुणाच्या मर्जीने फिरतो हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

भावकीतले जाणते कधी म्हणतात, "रमाई गेल्या तेव्हा बाबासाहेबांनीही मुंडण केलं होतं." खरे आहे. पण ते 1935 साल होते. येवल्याची घोषणाही त्याच वर्षी, नंतर ऑक्टोबरात झाली. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या; त्यातली सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते. मुंडणाचे नाव तिच्यात नाही, हे मान्य. पण दहाव्याचे मुंडण त्या पिंडाच्याच विधीतले आहे. पिंड सोडून वस्तरा तेवढा ठेवायचा, याला काय अर्थ?

शोकात असलेल्या पोराशी मात्र दारात वाद घालू नये. कुणी आईच्या समाधानासाठी केस काढले तर त्याला वाळीत टाकण्याची भाषा आम्हाला पटत नाही. हे बोलणे आधी, घरात सगळे धडधाकट असताना व्हावे. जलदान विधीला त्रिशरण, पंचशील, परित्राण पाठ आणि दान पुरते; मुलगी असली तरी ती हे सगळे करू शकते. आणि ज्याला केस उतरवायचेच आहेत, त्याने सुट्टी काढून दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात बसावे.