भीमथडी घोडें व शिलेदाराचा हिशेब

मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास वाचतांना सरदारांचीं नांवें पुढें येतात. ज्या जनावरांच्या पाठीवर त्या स्वाऱ्या झाल्या तीं मागें राहतात. भीमा व नीरा यांच्या थडीवर, बारामती-इंदापूरच्या टापूंत, जें काटक घोडें निपजे त्यास भीमथडी म्हणत. बांधा बेताचा, खाणें थोडें, मजल लांब. हलक्या फौजेस असेंच जनावर हवें होतें.

बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचें आणी. घोडें पडलें कीं शिलेदाराची रोजी बुडे. म्हणून पेशवाईंत घोड्याची किंमत ठरवून लिहून ठेवीत व लढाईंत तें कामास आल्यास भरपाई देत.

इ. स. १८१८ नंतर ही मागणी सरली. बारामती ज्याचें ठाणें होतें त्या तालुक्याचें भीमथडी हें नांवही पुढें गेलें. घोडें मात्र धनगरांचें बिऱ्हाड वाहत टिकलें. स्वतंत्र जात म्हणून झालेली त्याची सरकारी नोंद २०२४ सालीं प्रसिद्ध झाली.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति कीं, सनदा जपतांना चंदी-वैरणीचे हिशेब व घोड्यांच्या याद्या रद्दींत टाकूं नयेत. शिलेदाराच्या घरची खरी स्थिति त्यांतच सांपडते.