एक दार, अनेक कोठारे

संगणकातील माहितीचे कोठार म्हणजे डेटाबेस. त्याला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा १९८६ साली अमेरिकेत प्रमाणित झाली. पण प्रश्न कोठारापर्यंत पोचवायचा कसा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने ठरवले. पोचवण्याचे हे काम करणाऱ्या आज्ञावलीला आपण ‘जोडणी’ म्हणू.

लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल या संगणकभाषेचे उदाहरण पाहा. तिच्या चौथ्या आवृत्तीत जोडणी बसवायची, तर पर्लच नव्याने बांधावी लागे. म्हणून ओरॅकलसाठी ओरापर्ल, सायबेससाठी सायबपर्ल, इन्ग्रेससाठी इन्गपर्ल अशी निरनिराळी रूपे तयार झाली. काम सर्वांचे एकच: दार उघडणे, प्रश्न देणे, उत्तराच्या ओळी आणणे, दार लावणे. आज्ञांची नावे मात्र वेगळी. कोठार बदलले की आज्ञावली पुन्हा लिहायची!

समजा, ५ आज्ञावल्या आणि ३ कोठारे आहेत. प्रत्येक जोडीसाठी वेगळे लिखाण केले तर ते १५ वेळा करावे लागेल. मध्ये एक सामाईक थर ठेवला, तर ५ अधिक ३, म्हणजे ८ वेळा पुरेल.

असा सामाईक थर आखण्याचे प्रयत्न १९९२ साली सुरू झाले. १९९४ साली पर्लची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात जोडणी हवी तेव्हा बाहेरून आणता येऊ लागली, आणि टिम बन्स यांनी डीबीआय हा थर घडवला. त्यांनी कामाचे दोन भाग केले. सर्वांना समान असलेल्या आज्ञा डीबीआयमध्ये ठेवल्या आणि प्रत्येक कोठाराचे खास काम डीबीडी नावाच्या छोट्या जोडण्यांकडे सोपवले.

पण जुन्या आज्ञावल्यांचे काय? त्यांवर लोकांची रोजची कामे चालत होती. म्हणून नव्या ओरॅकल-जोडणीबरोबर ओरापर्लची नक्कल करणारा एक भागही देण्यात आला. त्यामुळे जुने लिखाण टाकून द्यावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डीबीआय प्रश्नाची भाषा बदलत नाही. एसक्यूएलच्या बोलींतील फरक तसेच राहतात, आणि एखाद्या कोठाराची खास सोय वापरायची तर तिच्या नावाला त्या जोडणीचा उपसर्ग लागतो. सगळेच फरक पुसायला गेले असते, तर प्रत्येक कोठाराचे वैशिष्ट्य हरवले असते. एकत्रीकरणात काय जोडायचे याइतकेच काय वेगळे ठेवायचे, हेही ठरवावे लागते.